तिसरा तुकडा

पद्मानं रजिस्टरच्या पानावरची चिकटपट्टी सोलली आणि मोडक्या सुईचे तीन तुकडे माझ्या तळहातावर ठेवले.

"घे गं रत्नाक्का. वर्षभरात तुझी ही एवढी एकच," ती म्हणाली. "नाहीतर ही शमीम. अकरा मोडल्यात बाईसाहेबांनी!"

"जाड शिवणी मलाच देतीस आणि वर मोजतीस पण," शमीम म्हणाली, तशा सगळ्याजणी हसल्या.

मी हसले नाही. त्या तीन तुकड्यांतले दोन माझ्या सुईचे होते. तिसरा, टोकाचा, तो नव्हता. मी तो खोटा लावला होता आणि हे त्या अख्ख्या हॉलमध्ये मला एकटीला माहीत होतं.

आता तुम्ही म्हणाल, सुईचं टोक ते केवढं, त्यात खरं-खोटं काय करायचं? म्हणून आधी आमच्या कामाची रीत सांगते. सोलापुरात गणवेश शिवणारे कारखाने पुष्कळ. आमचा बत्तीस बायकांचा होता आणि मी तिथं बारा वर्षं मशीनवर होते. पद्मा बोद्धुल आमची सुपरवायझर. त्या साली जपानच्या बालवाडीतल्या पोरांचे डगले शिवायचं काम आलं होतं. आकाशी रंगाचे, ढगळ, चित्रं रंगवताना पोरं अंगातल्या कपड्यांवरून घालतात तसले. त्या लोकांची एक अट होती. सुई मोडली की तिचे सगळे तुकडे शोधायचे, पूर्ण सुई जुळते का बघायचं आणि नाव-तारीख घालून रजिस्टरमध्ये चिकटवायचे. एक तुकडा जरी सापडला नाही तरी त्या बाईच्या पुढ्यातला माल बाजूला काढायचा आणि लाइन बंद. डगल्यांना लोखंडी टिचबटणं होती, त्यामुळं सुई हुडकायचं यंत्र फिरवून काही उपयोग नव्हता, ते बटणांनाच ओरडत सुटायचं. सगळा भरवसा त्या रजिस्टरवर.

जानेवारीच्या सतरा तारखेला, सुट्टीला वीस मिनिटं असताना, माझी सुई माझ्याच डाव्या हाताच्या बोटात गेली. नखातून थेट आत. पद्मानं चाक उलटं फिरवून सुई वर घेतली, बोट मोकळं झालं, रक्ताला मी चिंधी गुंडाळली. सुई मोडली होती; बूड मशीनमध्येच होतं, मधला तुकडा मांडीवर पडला होता. टोक नव्हतं.

"टोक सापडेपर्यंत कुणी हलायचं नाही," पद्मा म्हणाली.

लोहचुंबक फिरवला. शमीम गुडघ्यांवर बसून फरशी झाडायला लागली. मी काखेची शिवण घालत होते तो डगला उलटा-सुलटा केला, झटकला. बाहेर टेम्पो येऊन उभा होता. मालक दोनदा डोकावून गेले. मागून कुणीतरी म्हणालं, "अक्का, माझं पोरगं तापानं फणफणलंय हो घरी."

बारा वर्षांत माझ्यामुळं लाइन कधी बंद पडली नव्हती. दुसरीची सुई मोडली की मीच फणकारायची, "काम करताना डोळे कुठं ठेवता गं?" आता एकतीस जणी माझ्याकडं बघत होत्या आणि मला ते सोसेना. माझ्या टाचण्यांच्या डबीत घरच्या मशीनच्या सुईचं एक मोडकं टोक पडून होतं, गोधडी शिवताना मोडलेलं. मी ते चिमटीत घेतलं, मशीनखाली वाकले आणि म्हणाले, "हे बघा, सापडलं!"

पद्मानं तिन्ही तुकडे एकापुढं एक ठेवून बघितल्यासारखं केलं. दिवसभर तीही उभीच होती. "सुटलो बाई," म्हणाली आणि सही केली. तो डगला गठ्ठ्यात गेला, गठ्ठा पेटीत गेला, पेटी टेम्पोत.

मी कंपाउंडरकडून धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलं, बोटाला पट्टी बांधून घेतली आणि घरी गेले.

त्या रात्रीपासून माझी झोप उडाली. डोळे मिटले की एक चार वर्षांचं पोर दिसायचं. ते हात वर करून डगला घालून घेतंय आणि एकदम किंचाळतंय. त्याचा चेहरा कसा असेल, मला काय माहीत? पण दिसायचा. दिवसा मी मशीनवर बसायची आणि खालचं पेडल दाबायला पाय धजायचा नाही. पद्माला वाटलं, बोटातून सुई गेली म्हणून भ्याली असेल. तिनं मला धागे कापायला बसवलं. घरी लेक आली होती, तिच्या छोटीला मी मांडीवर घ्यायची नाही. एके दिवशी मी त्या पोरीच्या झबल्याच्या सगळ्या शिवणी चाचपून बघितल्या आणि तरी समाधान होईना म्हणून कात्रीनं उसवून टाकल्या.

"आई, नवं झबलं आहे ते!" लेक ओरडली.

"असू दे," मी म्हटलं. "मी परत शिवते."

ते काही मी शिवलं नाही. यजमान म्हणाले, "रत्ना, तुझं काहीतरी बिनसलंय. डोक्याच्या डॉक्टरला दाखवू या." मी त्यांच्यावर तोंड टाकलं. बोट तर ठण ठण ठणकायचं. ठणकू दे, मनात म्हणायची, तुझी तीच लायकी आहे.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात ओकुदाबाई आल्या. माल घेणाऱ्या कंपनीच्या तपासनीस, साठीच्या, बुटक्या, केस कापलेले. सोबत पुण्याची ईशानी नावाची दुभाषी पोरगी. ओकुदाबाई कमी बोलायच्या. शिवणीवरून बोट फिरवून कुठला टाका सैल आहे ते न बघता सांगायच्या. मी त्यांच्यासमोरून जायचंच टाळायची.

सात तारखेला त्यांनी सगळ्यांना एकत्र बोलावलं. ईशानी म्हणाली, "बाई सांगताहेत, उद्या आठ फेब्रुवारी. उद्या शिवायचं नाही. त्यांच्याकडं या दिवशी मोडलेल्या सुयांचे आभार मानतात. हारी-कुयो म्हणतात त्याला."

"मोडलेल्या सुयांचे?" शमीम म्हणाली. "त्या कशाला मोडल्या म्हणून?"

"आपण नाही का खंडेनवमीला मशीनला हार घालत," पद्मा म्हणाली.

"चालत्या मशीनला घालतो," मी म्हणाले. माझी जीभ अशीच. "मोडकं ते भंगारात. त्याचे कोण आभार मानतं?"

ईशानीनं ते सांगितलं तशा ओकुदाबाई माझ्याकडं बघून हसल्या आणि बराच वेळ काहीतरी बोलल्या. ईशानीनं सांगितलं, "त्या म्हणतात, म्हणूनच मानायचे. वर्षभर ती कडक कापडात राबली, शेवटी तिला मऊ जागा द्यायची. टोफू नावाचा एक पदार्थ असतो, पनीरसारखा, त्यात खोचतात. आणि जे आपल्याला कुणाला सांगता येत नाही ते तिच्याजवळ सांगायचं. बाईंची आई दर वर्षी सुईला काहीतरी सांगायची. काय ते घरात कुणाला कळलं नाही. पण त्या रात्री तिला गाढ झोप लागायची, एवढं सगळ्यांना माहीत होतं."

झोप म्हटल्यावर माझे कान टवकारले.

पण टोफू सोलापुरात आणायचा कुठून? पनीर आणू, ईशानी म्हणाली, तर बायका बिथरल्या. "अन्नात सुया खुपसायच्या?" "आणि नंतर ते टाकायचं कुठं? गाईनं खाल्लं म्हणजे?" एकजण इडली म्हणाली, तिला सगळ्यांनी गप्प केलं. शेवटी शमीमनं तोडगा काढला. तिच्याकडं जाळी धरलेलं पीठ होतं, माणसाच्या काय, कोंबडीच्याही उपयोगाचं नव्हतं. त्याची सैल कणीक भिजवायची आणि मग खोल खड्ड्यात पुरायची. ओकुदाबाईंनी कणकेच्या गोळ्यात बोट दाबून बघितलं आणि पसंतीची मान हलवली.

तर आठ तारखेला त्या गोळ्याभोवती आम्ही जमलो होतो. परातीत गोळा, वर कुणीतरी झेंडूची दोन फुलं ठेवलेली. ओकुदाबाईंनी रजिस्टरची पानं आधीच तपासून सही केली होती, आणि जिची तिची सुई जिच्या तिच्या हातात द्यायची कल्पना पद्माची होती.

एकेक बाई पुढं व्हायची, तुकडे कणकेत खोचायची, हात जोडून पुटपुटायची. आधी फिदीफिदी चाललं होतं. मग शमीम गेली. अकरा सुया खोचून ती ओढणीनं डोळे पुसत मागं आली, तेव्हापासून कुणी हसलं नाही.

माझी पाळी आली. मी बूड खोचलं. मधला तुकडा खोचला. मनात म्हटलं, रत्ना, हाही खोच आणि हळूच सांगून मोकळी हो. कुणाला ऐकू जायचं नाही. झोप तरी लागेल.

पण आभार मानायचे तर काय म्हणून मानायचे? ती बिचारी माझ्या घरी गोधडीत मोडलेली. डगल्याला तिनं एक टाकासुद्धा घातला नव्हता. आणि जिनं हजारो टाके घातले तिचं टोक कुठल्या लेकराच्या काखेत जाऊन बसलं होतं कुणास ठाऊक! तिला 'उपकार झाले' म्हणायला माझी जीभ रेटेना. हात तसाच हवेत राहिला.

"अक्का, खोच की," पद्मा हळूच म्हणाली.

"ही माझी नाही," मी म्हणाले.

"म्हणजे?"

"हे टोक त्या सुईचं नाही. मी डबीतलं काढून दिलं तुला. खरं टोक सापडलंच नव्हतं."

पद्माचा चेहरा पांढरा पडला. "सही माझी आहे तिथं, अक्का," ती म्हणाली. "माझी सही आहे गं!"

मी ईशानीला म्हणाले, "सांग बाई त्यांना. जसं आहे तसं सांग."

तिनं सांगितलं. मला वाटलं होतं, त्या ओरडतील. त्यांनी तीन गोष्टी विचारल्या. तारीख कुठली? माप कुठलं? शिवण कुठली? मी सांगितलं, सतरा जानेवारी, चार वर्षांच्या पोराचा डगला, डाव्या काखेची शिवण. त्यांनी कणकेतून माझे दोन तुकडे काढले, पुसले, खिशातल्या पट्टीनं मोजले आणि वहीत आकडे लिहिले. पूर्ण सुईतून ते वजा केले. मग कोपऱ्यात जाऊन फोनवर बोलायला लागल्या.

"काय बोलतायत?" मी ईशानीला विचारलं.

"माल परवाच तिकडं पोचलाय. काही पेट्या शाळांना गेल्यापण. त्या परत मागवायला सांगताहेत. नऊशे डगले आहेत. चार मिलिमीटरचा तुकडा आहे, प्रत्येक शिवण हातानं चाचपा म्हणून सांगताहेत."

"कुणाला काही झालंय का तिकडं?"

"अजून कळलं नाही म्हणतायत."



नोकरी गेली का, ते आत्ताच सांगून टाकते: गेली. मालकांनी तिथल्या तिथं सांगितलं, उद्यापासून येऊ नको. आणि त्यांचं काही चुकलं असं मी आजही म्हणणार नाही. ओकुदाबाईंनीही माझी बाजू घेतली नाही. त्यांनी रजिस्टर माझ्यापुढं ठेवलं आणि जे केलं ते माझ्याच अक्षरात लिहायला लावलं. पद्माला यातलं काही माहीत नव्हतं, हे मी दोनदा लिहिलं.

पान पंख्यानं उडत होतं म्हणून मी ते डाव्या हातानं दाबून धरलं होतं, चार बोटांनी. पाचवं पट्टीतलं बोट वर उचललेलं. ओकुदाबाई समोर उभ्या होत्या. त्यांनी वाकून ते बोट बघितलं आणि काहीतरी विचारलं.

"हे त्याच दिवसाचं का?" ईशानी म्हणाली.

"हो."

"तीन आठवडे झाले. अजून सुजलेलं कसं?"

"सुईचं दुखणं ते. राहतं."

त्यांनी पट्टी सोडली, माझं बोट हातात घेतलं आणि नखाच्या खाली, शिवण चाचपावी तसं हलकेच दाबत गेल्या. एका जागी दाबलं आणि मी अशी किंचाळले की बाहेरून वॉचमन आत आला.

"फोटो काढला होता का याचा?" ईशानीनं विचारलं.

"नाही. आत गेली नि बाहेर आली, फोटो कशाला?"

ओकुदाबाईंनी पर्स उचलली आणि दाराकडं निघाल्या.

चौकातल्या डॉक्टरांकडं एक्स-रेचं यंत्र होतं. रिक्षात आम्ही चौघी, मी, पद्मा, ईशानी आणि बाई. पद्मा माझ्याशी बोलत नव्हती, पण खड्डा आला की माझा हात धरून ठेवत होती. रिक्षात बसल्या बसल्या मला पहिल्यांदा वाटलं, असेल का? आणि लगेच वाटलं, नको बाई, आशा नको धरायला. नसली म्हणजे मी पुन्हा त्याच पोराच्या काखेत जाणार.

फोटो काढला. आम्ही बाकड्यावर बसलो. पद्मा तेव्हा बोलली.

"मला सांगितलं असतंस तर मी काय तुला खाल्लं असतं?"

"तू लाइन बंद केली असतीस."

"केलीच असती."

"मग माझ्या एकटीमुळं—"

"बंद केली असती, दोन तास शिव्या खाल्ल्या असत्या दोघींनी आणि घरी गेलो असतो. तीन आठवडे जागी राहिलीस ती? मला वाटत होतं, हिला बोटाचं भ्या बसलंय. मी तुला धागे कापायला दिले, जरा बरं वाटेल म्हणून!"

मी म्हणाले, "चुकले गं." बारा वर्षांत हा शब्द मी त्या कारखान्यात कुणाला म्हटल्याचं मला आठवत नाही.

डॉक्टरांनी आत बोलावलं. फिल्म दिव्यावर लावलेली होती. माझ्या बोटाची हाडं, करडी, धुरकट. आणि वरच्या पेरात, हाडाला लागून, एक पांढरी शुभ्र काडी.

"हे काय वागवत होता, मावशी?" डॉक्टर म्हणाले. "सुईचं टोक आहे अख्खं. पू झालाय आजूबाजूला. दुखलं नाही?"

"दुखत होतं की," मी म्हणाले.

ओकुदाबाई फिल्मला नाक लावून बघत होत्या. त्यांनी ईशानीकडून डॉक्टरांना लांबी विचारली. डॉक्टरांनी फिल्मला मोजपट्टी लावली. "चार मिलिमीटर. थोडं इकडंतिकडं."

बाईंनी वही उघडली, आकडा बघितला, वही मिटली. आणि फोन काढून बोलायला लागल्या. मला त्यांची भाषा येत नव्हती, तरी त्या काय सांगताहेत ते शब्दन् शब्द कळत होतं. पेट्या परत मागवू नका. शोधू नका. कुठल्याच पोराच्या अंगावर ती नाही.

मी त्या पांढऱ्या काडीकडं बघत होते. तीन आठवडे मी हिला शिव्या घातल्या होत्या. कुठं मेलीस म्हणून, कुणाच्या अंगात घुसलीस म्हणून. आणि ही इथं होती. सबंध वेळ माझ्याच अंगात होती, मला ठणकत होती, दुसऱ्या कुणाला नाही. त्या डगल्यात जायला तिला कितीसा वेळ लागला असता? एक टाका. त्या एका टाक्याच्या आधी ती मोडली आणि माझ्यात राहिली. मला एकदम रडू फुटलं. पद्मानं मागून धरलं.

मी तशीच पुढं झाले आणि दोन्ही हात जोडले, सुजलेल्या बोटासकट.

"माझे आई," मी म्हणाले, "उपकार झाले गं तुझे. लई उपकार झाले."

"अहो मावशी, मला कशाला हात जोडता?" डॉक्टर गडबडले. "अजून काढायची आहे ती."

"तुम्हाला नाही, डॉक्टर," मी म्हणाले. "तिला."

डॉक्टरांनी ईशानीकडं बघितलं. तोवर ओकुदाबाईंनी फोन बंद केला होता. त्या माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या, दोन्ही हात मांडीला टेकवले आणि फिल्मपुढं कमरेत वाकल्या. पद्मानंही हात जोडले. डॉक्टर दिव्याच्या आड येत होते, ते बाजूला सरकले.